लग्नाच्या खर्चाचं माप कुणी ठरवलं?

लग्नात ऐपतीबाहेर खर्च होतो, ही तक्रार फार जुनी आहे. रोमन सम्राट ऑगस्टसच्या काळात मेजवानीच्या खर्चावर कायद्याने मर्यादा होती: एरवी 200 सेस्टर्स (तेव्हाची रोमन नाणी), सणाला 300 आणि लग्नाला 1,000. काटकसरीचा कायदा करणाऱ्यालाही लग्न म्हटल्यावर हात सैल सोडावा लागला. त्याआधी, इ.स.पू. 182 मध्ये, रोमनांनी पाहुण्यांच्या संख्येवरच बंधन घालून पाहिलं होतं. मध्ययुगात इटलीतली शहरं दागिन्यांवर आणि पंगतींवर नियम करत राहिली. तेच नियम पुन्हा पुन्हा करावे लागले, यावरून ते किती पाळले गेले ते ओळखावं. फ्लॉरेन्सने 1425 मध्ये उलटी वाट धरली. मुलीच्या हुंड्यासाठी बापाने शहराकडे आगाऊ रक्कम ठेवायची, ती काही वर्षांनी वाढून मिळायची. आणि शहराला आपल्या देण्यांसाठी पैसा उभा करता यायचा.

तोवरचं दडपण होतं ते भाऊबंदांचं, शेजाऱ्यांचं, व्याह्यांचं. 'लोक काय म्हणतील' यातले लोक नावानिशी ठाऊक असत. एकोणिसाव्या शतकात त्यांत अनोळखी माणसांची भर पडली. 10 फेब्रुवारी 1840 रोजी इंग्लंडची राणी व्हिक्टोरिया पांढऱ्या साटिनच्या पोशाखात बोहल्यावर चढली आणि तिची चित्रं छापून सगळीकडे पोचली. त्याआधी तिकडच्या बहुतेक नवऱ्या पुढेही वापरता येईल असा आपला ठेवणीतला रंगीत पोशाखच घालत. पांढरा घालणं म्हणजे मळलं तरी परवडतं हे दाखवणं. खुद्द राणीने लग्नातली लेस पुढे अनेक प्रसंगी वापरली. अनुकरण करणाऱ्यांनी नेमकं तेवढं उचललं नाही.

विसाव्या शतकात माप ठरवायचं काम जाहिरातवाल्यांकडे गेलं. 1938 मध्ये, मंदीने हिऱ्याची मागणी खचलेली असताना, डी बीअर्स या हिऱ्यांच्या कंपनीने एन. डब्ल्यू. आयर या अमेरिकी जाहिरात संस्थेला गाठलं. नटनट्यांच्या बोटांतल्या हिऱ्यांच्या गोष्टी वर्तमानपत्रांना पुरवल्या जाऊ लागल्या. 1947 मध्ये त्याच संस्थेतल्या लेखिका फ्रान्सेस गेरेटी यांनी 'हिरा चिरंतन आहे' अशा आशयाची प्रसिद्ध ओळ लिहिली. त्या स्वतः आयुष्यभर अविवाहित राहिल्या. पण माझ्या मते खरी चलाखी पुढची आहे. साखरपुड्याच्या हिऱ्याच्या अंगठीवर किती खर्च करावा, याचं उत्तर जाहिरातींनी रकमेत न देता पगारात दिलं. आधी एक महिन्याचा पगार, 1980 च्या दशकात अमेरिकेत दोन महिन्यांचा, जपानमध्ये तीन. रक्कम सांगितली असती तर श्रीमंत सहज सुटला असता आणि गरिबाने तो नाद सोडला असता. पगाराच्या मापात दोघंही अडकले, आणि कमी खर्च करणारा कंजूष ठरला. प्रेमात कमी पडलेला, तेही पदरात आलंच. अर्थात प्रत्येक घडवलेली रीत रुजतेच असं नाही. पुरुषांनाही साखरपुड्याची अंगठी घालायला लावण्याचा अमेरिकी जवाहिऱ्यांचा 1920 च्या दशकातला खटाटोप साफ फसला.

सरकारांनी हत्यार बदललं नाही. पाकिस्तानने 1997 मध्ये लग्नात जेवण वाढण्यावरच बंदी घातली, फक्त पेयं चालतील म्हणून. ताजिकिस्तानने 2007 मध्ये लग्नाला जास्तीत जास्त 150 पाहुणे आणि तीन तास, असा कायदा केला. मोजायची ती ताटं आणि डोकी.

अमेरिकेतल्या एमरी विद्यापीठातील अँड्र्यू फ्रान्सिस आणि ह्यूगो मियालॉन या अर्थतज्ज्ञांनी लग्न झालेल्या 3,000 हून अधिक लोकांची पाहणी 2014 मध्ये मांडली. अंगठीवर आणि समारंभावर जास्त खर्च केलेल्यांचे संसार तुलनेने लवकर मोडलेले दिसले. खर्चामुळेच मोडले, असं त्यावरून सिद्ध होत नाही. त्याच पाहणीत आणखी एक गोष्ट दिसली: ज्यांच्या लग्नाला माणसं जास्त आली होती, त्यांचे संसार जास्त टिकले होते.