नोकरीची ऑफर आणि गुणाधारित स्थलांतर

वय, शिक्षण, भाषा आणि अनुभव यांना ठरावीक गुण देऊन परदेशी कुशल कामगार निवडण्याच्या पद्धतीला गुणाधारित स्थलांतर म्हणतात. त्यात नोकरीच्या ऑफरचे वजन देशागणिक बदलते. कुठे ती मूळ अटच असते, कुठे तिचे जादा गुण मिळतात, तर कुठे काहीच मिळत नाही. नवी मुंबईत ऐरोली-महाप्याच्या आयटी कंपन्यांत ‘पीआरला टाकलंय’ (म्हणजे परदेशात कायम राहण्याच्या परवान्यासाठी अर्ज केलाय) हे वाक्य रोजचे झाले आहे, आणि हे तीन प्रकार एकमेकांत मिसळण्याची चूकही तितकीच रोजची.

सर्वाधिक गोंधळ कॅनडाबाबत आहे. उमेदवारांना १२०० गुणांच्या क्रमवारीत लावून अर्जाचे आमंत्रण देणारी एक्स्प्रेस एंट्री ही पद्धत जानेवारी २०१५ मध्ये सुरू झाली तेव्हा एलएमआयए असलेल्या ऑफरला १२०० पैकी ६०० गुण होते. (एलएमआयए म्हणजे या जागेसाठी परदेशी माणूस घेतल्याने स्थानिकांचे नुकसान होत नाही, असा मालकाने मिळवायचा सरकारी निर्वाळा.) ऑफर हाती आली की निवड झाल्यातच जमा असे. १९ नोव्हेंबर २०१६ पासून हे गुण ५० वर आले. अतिवरिष्ठ व्यवस्थापकांना २०० राहिले. तरीही एलएमआयएचा काळा बाजार थांबेना. अखेर २५ मार्च २०२५ पासून ऑफरचे गुण पूर्णपणे काढून टाकण्यात आले. जुने व्हिडिओ पाहून हिशेब मांडणारे आजही ते ५० धरून चालतात.

ऑफरला अजून किंमत आहे, पण ती दुसऱ्या ठिकाणी. एक्स्प्रेस एंट्रीतल्या फेडरल स्किल्ड वर्कर या योजनेसाठी आधी १०० पैकी ६७ गुणांची पात्रता लागते, आणि तिथे वैध ऑफरचे १० व त्याच जोरावर जुळवून घेण्याच्या क्षमतेचे ५ गुण टिकून आहेत. ४२ वर्षांचा, सहा वर्षांहून अधिक अनुभवाचा बीई आणि चारही भाषाकौशल्यांत सीएलबी (कॅनडाची भाषेची पातळी) ८ असा उमेदवार घ्या: वयाचे ५, शिक्षणाचे २१, भाषेचे २०, अनुभवाचे १५, एकूण ६१. ऑफर मिळाली तर ७६. उंबरठा ओलांडला, पण पुढच्या १२०० च्या क्रमवारीत वय त्याला मागे ओढतेच.

त्या क्रमवारीत खरी मदार भाषेवर असते. ३० वर्षांचा अविवाहित बीई, परदेशातील तीन वर्षांचा अनुभव आणि सीएलबी ९, म्हणजे आयईएलटीएस जनरल या इंग्रजी परीक्षेत लिसनिंग ८ व बाकी तिन्हींत ७, असे असेल तर वयाचे १०५, शिक्षणाचे १२०, भाषेचे १२४, शिक्षण-भाषा जोडीचे २५ आणि अनुभव-भाषा जोडीचे ५० मिळून ४२४ होतात. फक्त लिसनिंग ७.५ आले तर त्या विषयाचे ८ गुण जातातच, शिवाय चारही सीएलबी ९ नसल्याने शिक्षण-भाषा जोडीचे १२ आणि अनुभव-भाषा जोडीचे २५ गुणही जातात. अर्ध्या बँडला ४५ गुण! म्हणजे ऑफरचे गुण होते तेव्हाही ती जवळपास एवढेच देत होती.

कागदावरच्या ऑफरपेक्षा तिथे जाऊन केलेली नोकरी जास्त मोलाची ठरते. कंपनीने बदलीवर पाठवले आणि तिथे एक वर्ष काम झाले की याच उमेदवाराला अनुभवाचे ४० आणि शिक्षणाशी जोडून १३ गुण मिळतात. दरम्यान तिशीचे एकतीस झाल्याने ६ जातात, तो भाग वेगळा. दुसरी वाट प्रांतीय नामनिर्देशनाची, म्हणजे कॅनडातल्या एखाद्या प्रांताने उमेदवाराची निवड करण्याची. त्याला ६०० गुण आहेत आणि प्रांतांच्या कित्येक योजना स्थानिक मालकाची ऑफर मागतात.

ब्रिटनमध्ये ऑफरशिवाय अर्जच नाही. लागणाऱ्या ७० गुणांपैकी परवानाधारक मालकाच्या ऑफरचे २०, कामाच्या पातळीचे २०, इंग्रजीचे १० आणि पगाराचे २०. २२ जुलै २०२५ पासून सर्वसाधारण पगारमर्यादा ४१,७०० पौंड आहे, पण त्या कामाचा ठरलेला दर जास्त असेल तर तो धरतात. साधे ऑफर लेटर चालत नाही. मालकाने दिलेल्या स्पॉन्सरशिप सर्टिफिकेटचा क्रमांक लागतो आणि तो मिळाल्यापासून तीन महिन्यांत अर्ज करावा लागतो. न्यूझीलंडमध्ये ऑक्टोबर २०२३ पासून ६ गुण हवेत, आणि मान्यताप्राप्त मालकाची नोकरी किंवा ऑफरही हवी. ऑस्ट्रेलियाचा १८९ क्रमांकाचा कुशल कामगार व्हिसा ६५ गुणांपासून सुरू होतो. तिथे ऑफरला शून्य. जर्मनीचे चान्सेनकार्टे म्हणजे संधी-कार्ड (जून २०२४ पासून) तर नोकरी शोधण्यासाठीच आहे.

जिथे ऑफर मोलाची, तिथे बनावट ऑफरही येते. कॅनडात एलएमआयएचे दर जागेमागचे १,००० डॉलर मालकाने भरायचे असतात. ते कामगाराकडून वसूल करता येत नाहीत. म्हणून ‘एलएमआयए काढून देतो, इतके लाख’ असे कुणी म्हटले की तिथूनच उठावे. भारतात नोंदणीकृत भरती एजंटला सेवाशुल्क म्हणून जास्तीत जास्त ३०,००० रुपये आणि वर जीएसटी एवढेच घेता येतात. खोटी कागदपत्रे पकडली गेली तर कॅनडाची बंदी पाच वर्षांची.

ऑफर खरी असूनही अर्ज अडतो तो बहुधा अनुभवपत्रावर. इथल्या बऱ्याच एचआर विभागांचे छापील पत्र हुद्दा आणि तारखा देऊन संपते. कॅनडाला कामाचे स्वरूप, आठवड्याचे तास आणि पगार, हे सारे लेटरहेडवर सहीनिशी लागते. ‘सीनियर असोसिएट’ या हुद्द्यावरून एनओसी कोड (कॅनडाच्या व्यवसाय-वर्गीकरणातला क्रमांक) ठरत नाही, तो प्रत्यक्ष कामावरून ठरतो. आमंत्रण आल्यावर अर्जाला ६० दिवसच मिळतात. त्यात ठाण्यातल्या वागळे इस्टेटच्या पासपोर्ट सेवा केंद्रातून पोलीस क्लिअरन्सही काढायचा असतो, त्यामुळे जुन्या कंपनीकडून पत्र मिळवण्याचे काम प्रोफाइल भरण्याआधीच उरकावे.