आंतरपिढी डिजिटल शिक्षण

महाविद्यालयीन विद्यार्थी आणि ज्येष्ठ नागरिक यांनी जोडीने बसून मोबाइल, इंटरनेट व ऑनलाइन व्यवहार शिकण्याची पद्धत. एका ज्येष्ठाशेजारी एक विद्यार्थी आणि फोन ज्येष्ठाचा स्वतःचा, एवढीच मांडणी लागते.

भारतातील ठळक उदाहरण केरळचे आहे. तिरुवनंतपुरम जिल्ह्यातील पुल्लमपारा पंचायतीत राष्ट्रीय सेवा योजनेचे विद्यार्थी आणि कुडुंबश्री या केरळमधील बचत गटांच्या योजनेतील महिला घरोघरी, अगदी रोजगार हमीच्या कामावरही जाऊन स्मार्टफोन शिकवत होत्या. २०२२ मध्ये ही राज्यातील पहिली पूर्ण डिजिटल साक्षर पंचायत ठरली. पुढे हाच प्रयोग राज्यभर झाला आणि ऑगस्ट २०२५ मध्ये केरळ पूर्ण डिजिटल साक्षर राज्य म्हणून जाहीर झाले. शिकणाऱ्यांत शंभरी ओलांडलेलेही होते. याउलट केंद्राच्या २०१७ च्या ग्रामीण डिजिटल साक्षरता अभियानात वयाची अट १४ ते ६० होती. ज्यांना सर्वांत जास्त गरज, तेच बाहेर राहिले.

या पद्धतीचा कणा एकच नियम आहे: विद्यार्थ्याने फोन हातात घ्यायचा नाही. ‘द्या आजी, मी करून देतो’ म्हटले की काम होते, शिकणे राहते. आजींचे बोट पडद्यावर जरा जास्त वेळ टेकते, मग अ‍ॅप उघडण्याऐवजी भलताच मेन्यू समोर येतो. अँड्रॉइडच्या सुलभता सेटिंगमध्ये हा स्पर्शाचा अवधी वाढवता येतो. स्वतःला कधी गरजच न पडल्याने अनेक विद्यार्थ्यांनाही ही सोय अशा वेळीच कळते. इथे दोघे खरोखर बरोबर शिकतात.

महाराष्ट्रात ज्येष्ठ नागरिक संघ आणि महाविद्यालयांतील राष्ट्रीय सेवा योजना या दोन्ही यंत्रणा तयार आहेत, त्या जोडायला हव्यात. सुरुवातीला निवृत्तिवेतनासाठी नोव्हेंबरमध्ये द्यावा लागणारा हयातीचा दाखला उत्तम. तो ऑनलाइन देण्याची ‘जीवन प्रमाण’ ही सोय २०१४ पासून आहे, पण वयोमानाने बोटांचे ठसे पुसट होतात आणि यंत्र ते नाकारते. २०२१ पासून चेहऱ्यावरून ओळख पटवता येते: फोन समोर धरायचा, सांगितल्यावर डोळे मिचकवायचे, दाखला घरबसल्या तयार.

पैशांच्या व्यवहाराआधी मात्र एक गोष्ट पक्की व्हावी. पैसे मिळण्यासाठी यूपीआयचा पिन कधीच टाकावा लागत नाही. फसवणूक झाल्यास १९३० या हेल्पलाइनवर ताबडतोब फोन करायचा असतो. हा क्रमांक ज्येष्ठांकडून त्यांच्याच हाताने साठवून घेतला, तर पहिल्या बैठकीचा सरावही त्यातच होतो.