केंद्राच्या निधीतून खरेदी : ‘स्थानिक घटका’चं प्रमाणपत्र कसं भरायचं?

कुपवाड एमआयडीसीतल्या ओळखीच्या एका वर्कशॉपची निविदा मागं एका ओळीपायी बाद झाली. पंपसेट इथलाच, माल चोख. पण लेटरहेडवर नुसतं ‘आमचा माल भारतीय आहे’ एवढंच. मालाचा किती टक्के भाग भारतात तयार झाला (यालाच ‘स्थानिक घटक’ म्हणतात) ते नाही, ठिकाण नाही.

आधी पैसा कुठला ते विचारा. जलजीवन मिशनसारख्या योजनेत केंद्राचा थोडा जरी वाटा असला, तरी जिल्हा परिषद-ग्रामपंचायतीच्या खरेदीलाही केंद्राचा 2017 चा ‘मेक इन इंडिया’ प्राधान्य आदेश लागू होतो. अंदाजित खरेदी 5 लाखांच्या आत असेल तर सूट आहे. मात्र सूट मिळावी म्हणून खरेदीचे तुकडे पाडता येत नाहीत.

आता टक्का. जीएसटी सोडून पंपसेट 1 लाखाचा, त्यात कस्टम ड्युटीसकट 30 हजारांचा परदेशी कंट्रोलर, म्हणजे स्थानिक घटक 70 टक्के. कंट्रोलर सांगलीच्या दुकानातून घेतला म्हणून तो देशी होत नाही! आयात माल पुरवून वाहतूक, जोडणी, एएमसी (वार्षिक देखभाल करार) यांच्या खर्चावर टक्का फुगवणंही चालत नाही. स्थानिक घटक 50 टक्के किंवा जास्त असेल तर पुरवठादार वर्ग-1, 20 ते 50 मध्ये वर्ग-2. त्याखालच्यांना फक्त जागतिक निविदेत जागा. काही वस्तूंना मंत्रालयांनी वेगळी मर्यादा घातली आहे, ती निविदेत वाचा.

वर्ग-1 ला ‘20 टक्के प्राधान्य’ म्हणजे जादा दर मिळतो, असं निम्मे लोक समजतात. तसं नाही. सगळ्यात कमी दर वर्ग-1 नसलेल्याचा, समजा 10 लाख, आणि तुमचा 12 लाखांपर्यंत असेल, तर तुम्हाला बोलावतात. पण माल 10 लाखांतच द्यायचा. खरेदी विभागता येण्यासारखी असेल तर निम्मीच वाट्याला येते. दर टाकतानाच हा हिशेब करा.

पॅन, जीएसटी नोंदणी तर लागतेच. प्रमाणपत्रात वस्तूचं नाव, टक्का आणि मूल्यवर्धन नेमकं कुठं झालं तो पत्ता, हे तिन्ही हवं. 10 कोटींपर्यंतच्या खरेदीत स्वतःची सही पुरते, त्याहून मोठ्या खरेदीत कंपनीला ऑडिटरचा आणि इतरांना सीए किंवा कॉस्ट अकाउंटंटचा दाखला लागतो. आकडा खोटा निघाला तर दोन वर्षांपर्यंत निविदा भरता येत नाही, म्हणून कंट्रोलरचं बिल फाइलला लावून ठेवा.