माँटगोमेरी काउंटी (मेरीलँड) : काउंटी एक्झिक्युटिव्हच्या खुल्या जागेची निवडणूक

अमेरिकेत पदावर असलेली व्यक्ती पुन्हा उभी राहत नाही, किंवा कायद्यानेच तिला उभे राहता येत नाही, तेव्हा त्या पदाची जागा ‘खुली’ झाली असे म्हणतात. माँटगोमेरी काउंटी, म्हणजे आपल्या जिल्ह्यासारखा विभाग, वॉशिंग्टन शहराला लागून असून २०२० च्या जनगणनेत तिची लोकसंख्या १० लाख ६२ हजार होती. काउंटीचे सर्वोच्च कार्यकारी पद काउंटी एक्झिक्युटिव्हचे आहे. १९६८ मध्ये मतदारांनी मंजूर केलेल्या सनदेतून, म्हणजे काउंटीच्या कारभाराच्या मूळ नियमांतून, ते निर्माण झाले आणि १९७० मध्ये त्यासाठी पहिली निवडणूक झाली. पहिले एक्झिक्युटिव्ह जेम्स ग्लीसन रिपब्लिकन होते. त्यांच्यानंतरचे सर्व एक्झिक्युटिव्ह डेमोक्रॅटिक पक्षाचे आहेत. इथे नोव्हेंबरची सार्वत्रिक निवडणूक बहुधा औपचारिकच असते, खरा निकाल उन्हाळ्यातल्या डेमोक्रॅटिक प्रायमरीत, म्हणजे पक्षाचा उमेदवार ठरवणाऱ्या मतदानात, लागतो. जागा खुली असली की त्या प्रायमरीत गर्दी होते, मते वाटली जातात आणि मूठभर मतांवर काउंटीची पुढची चार वर्षे ठरतात. २०१८ ची निवडणूक हे याचे सर्वांत स्पष्ट उदाहरण आहे.

महाराष्ट्रात या पदाला नेमकी जोड नाही. जिल्हाधिकारी शासन नेमते आणि जिल्हा परिषदेचा अध्यक्ष सदस्य निवडतात. काउंटी एक्झिक्युटिव्हला मात्र मतदार थेट निवडून देतात आणि खातेप्रमुखांच्या नेमणुका, अंदाजपत्रक व नकाराधिकार ही तिन्ही साधने त्याच्या हाती असतात. थेट निवडून आलेला नगराध्यक्ष डोळ्यांसमोर आणावा आणि त्याला जिल्ह्याएवढे क्षेत्र द्यावे, म्हणजे साधारण कल्पना येते. एक्झिक्युटिव्हने १५ मार्चपर्यंत अंदाजपत्रक मांडायचे आणि काउंटी कौन्सिलने, म्हणजे निवडून आलेल्या सदस्यांच्या सभागृहाने, १ जूनपर्यंत ते मंजूर करायचे, असा क्रम आहे. कौन्सिलमध्ये २०२२ पर्यंत ९ सदस्य होते, आता ११ आहेत. या पदाच्या मर्यादाही लक्षात घ्याव्या लागतात, कारण प्रचारात त्या हमखास विसरल्या जातात. खर्चाचा सुमारे निम्मा भाग सार्वजनिक शाळांवर होत असला तरी शाळा चालवते ते स्वतंत्र निवडून आलेले शिक्षण मंडळ. जमीनवापराचे आराखडे नियोजन मंडळ तयार करते आणि मंजुरी कौन्सिल देते. म्हणजे मेट्रो स्थानकांभोवती किती उंच इमारती व्हाव्यात हा निवडणुकीतला सर्वांत तापलेला प्रश्न, आणि त्यावरच एक्झिक्युटिव्हचा थेट अधिकार सर्वांत कमी. उमेदवाराची आश्वासने तपासताना आधी हे पाहावे.

२०१८ मध्ये जागा खुली झाली त्यामागे २०१६ ची सनददुरुस्ती होती. मेरीलँडच्या संविधानानुसार काउंटीच्या सनदेत बदल सुचवायला १०,००० नोंदणीकृत मतदारांच्या सह्या पुरतात. वकील रॉबिन फिकर यांच्या पुढाकाराने सह्यांची मोहीम झाली. एक्झिक्युटिव्ह आणि कौन्सिल सदस्य यांना सलग तीनच कार्यकाळ मिळावेत, हा प्रस्ताव नोव्हेंबर २०१६ मध्ये जवळपास ७० टक्के मतांनी संमत झाला. सह्यांचे काम वाटते तितके सोपे नसते. मतदारयादीत नाव जसे आहे तसेच, किंवा आडनाव, किमान एक पूर्ण नाव आणि उरलेल्या नावांची आद्याक्षरे, असे लिहावे लागते. घरगुती टोपणनाव लिहिले किंवा मधल्या नावाचे आद्याक्षर सुटले तर खऱ्या मतदाराची सहीसुद्धा बाद होते. म्हणून जाणकार कार्यकर्ते गरजेपेक्षा हजारो सह्या जास्त गोळा करतात.

या दुरुस्तीचा परिणाम दुहेरी झाला. २००६ पासून पदावर असलेले, या काउंटीचे पहिले कृष्णवर्णीय एक्झिक्युटिव्ह आइक लेगेट यांचा तिसरा कार्यकाळ संपत होता. त्याच वेळी कौन्सिलच्या नऊपैकी चार सदस्यांनाही आपली जागा पुन्हा लढवता येणार नव्हती. ते होते मार्क एलरिच, रॉजर बर्लिनर, जॉर्ज लेव्हेंथॉल आणि नॅन्सी फ्लोरीन. चौघांनीही एक्झिक्युटिव्हपदाची वाट धरली. पहिले तिघे डेमोक्रॅटिक प्रायमरीत उतरले. त्यांच्याबरोबर राज्य विधिमंडळातले बिल फ्रिक, रॉकव्हिलच्या माजी महापौर रोझ क्रॅस्नाव आणि उद्योजक डेव्हिड ब्लेअर असे एकूण सहा उमेदवार झाले. कार्यकाळाची मर्यादा आणली की नवे लोक येतात, हा युक्तिवाद अर्धाच खरा आहे. एका पदावरून उठवलेले अनुभवी लोक पुढच्या पदासाठी एकाच वेळी दारात उभे राहतात, हा त्याचा दुसरा भाग आहे.

पैशाच्या बाबतीतही ही निवडणूक वेगळी होती. २०१४ मध्ये केलेली सार्वजनिक निधी योजना तेव्हा प्रथमच वापरात आली. योजनेत येणाऱ्या उमेदवाराला तेव्हा १५० डॉलरपेक्षा मोठी देणगी घेता येत नव्हती. कंपन्या आणि राजकीय समित्यांचा पैसाही चालत नव्हता. एक्झिक्युटिव्हपदासाठी काउंटीतल्या किमान ५०० रहिवाशांकडून मिळून ४०,००० डॉलर जमले की उमेदवार पात्र ठरत असे. मग रहिवाशाच्या देणगीतील पहिल्या ५० डॉलरवर सहापट, दुसऱ्या ५० वर चौपट आणि तिसऱ्या ५० वर दुप्पट रक्कम काउंटी देत असे. एकाने १५० डॉलर दिले तर ६०० ची जोड मिळून ७५० होत. तेच १५० डॉलर तीन शेजाऱ्यांनी ५०-५० करून दिले तर ९०० ची जोड मिळून १,०५० होत. म्हणून या योजनेत एका मोठ्या मेजवानीपेक्षा दिवाणखान्यातल्या वीस छोट्या बैठका जास्त कामाच्या. जोडनिधीची कमाल मर्यादा तेव्हा प्रत्येक निवडणुकीला ७,५०,००० डॉलर होती. एलरिच, लेव्हेंथॉल आणि क्रॅस्नाव या योजनेत होते. ब्लेअर बाहेर राहिले आणि त्यांच्या प्रचारावर ५० लाख डॉलरपेक्षा जास्त खर्च झाला, त्यातला बहुतांश त्यांचा स्वतःचा.

प्रायमरी ‘बंद’ पद्धतीची असते. डेमोक्रॅट म्हणून नोंद असलेल्यालाच डेमोक्रॅटिक मतपत्रिका मिळते, आणि पक्षाची नोंद बदलायची असेल तर ती मतदानाच्या २१ दिवस आधीपर्यंतच बदलता येते. नव्याने नागरिक झालेले अनेक जण, त्यांत भारतीय कुटुंबेही आली, नोंदणीच्या अर्जावर पक्षाचा रकाना ‘कुठलाही नाही’ असा भरतात. तो तटस्थपणा त्यांना भोवतो, कारण जिथे निकाल ठरतो त्या निवडणुकीत त्यांना मतच नसते. या काउंटीत मराठी आडनावाला राजकारणात मान मिळाल्याचे उदाहरण आहे. कुमार बर्वे हे १९९० मध्ये इथूनच मेरीलँडच्या विधिमंडळावर निवडून आले. अमेरिकेतील कोणत्याही राज्य विधिमंडळावर निवडून गेलेले पहिले भारतीय वंशाचे सदस्य अशी त्यांची ओळख आहे.

२६ जून २०१८ रोजी मतदान झाले. मतपत्रिका लांबलचक होती. कौन्सिलच्या काउंटीव्यापी चार जागांसाठीच ३३ डेमोक्रॅट उभे होते. त्यातच मतदानाच्या तोंडावर उघड झाले की राज्याच्या मोटार वाहन विभागात पत्ता किंवा पक्ष बदलून घेतलेल्या सुमारे ८०,००० मतदारांची माहिती निवडणूक मंडळाकडे पोहोचलेलीच नाही. राज्यभरातल्या अशा मतदारांना तात्पुरत्या, म्हणजे ‘प्रोव्हिजनल’ मतपत्रिकेवर मत द्यावे लागले. ती लिफाफ्यात बंद राहते आणि पात्रता तपासून दुसऱ्या आठवड्यात मोजली जाते. टपाली मतांची पहिली मोजणी मतदानानंतरच्या गुरुवारी आणि अखेरची दुसऱ्या शुक्रवारी होत असे. मतदानाच्या रात्रीची आघाडी म्हणूनच अर्धवट असते. त्या आकड्यांवर विजयसभा घेणे किंवा हार मानणे, दोन्ही घाईचे ठरते.

सर्व मते मोजून आणि फेरमोजणी होऊन एलरिच यांना ३७,५३२ आणि ब्लेअर यांना ३७,४५५ मते मिळाली. फरक ७७ मतांचा. फरक ०.१ टक्क्याच्या आत असल्याने फेरमोजणीच्या खर्चाचा भार अर्जदारावर पडला नाही. फेरमोजणीने फरक जेमतेम हलला, आणि कागदी मतपत्रिका यंत्राने वाचण्याच्या पद्धतीत तसे होणे स्वाभाविक आहे. अंडाकृती खूण अर्धवट भरलेली, तिच्याभोवती नुसते वर्तुळ काढलेले किंवा एकाच जागी दोन खुणा केलेल्या, अशा मोजक्या मतपत्रिकांबाबतच निर्णय बदलू शकतो. महत्त्वाचा आकडा वेगळाच आहे. विजेत्याला सुमारे २९ टक्केच मते होती. या प्रायमरीत दुसरी फेरी नसते, ज्याला सर्वाधिक मते तो उमेदवार. बर्लिनर, क्रॅस्नाव, लेव्हेंथॉल आणि फ्रिक यांच्या मतदारांची दुसरी पसंती कोण होती, हे मतपत्रिकेने कधी विचारलेच नाही. सहा उमेदवारांच्या लढतीत ही उणीव गंभीर आहे. याच काउंटीतले टाकोमा पार्क शहर आपल्या निवडणुकीत २००७ पासून पसंतीक्रमाची पद्धत वापरते. काउंटीला ती हवी तर राज्य विधिमंडळाची परवानगी लागते. तशी विधेयके वारंवार मांडली गेली, पण मंजूर झाली नाहीत.

प्रायमरी हरलेल्याला त्याच पदासाठी नोव्हेंबरच्या मतपत्रिकेवर येता येत नाही, त्यामुळे ब्लेअर यांचा मार्ग तिथेच बंद झाला. फ्लोरीन प्रायमरीत उतरल्याच नव्हत्या. त्यांनी पक्ष सोडला, नोंदणीकृत मतदारांच्या १ टक्का सह्यांची अट पूर्ण केली आणि अपक्ष म्हणून उभ्या राहिल्या. रिपब्लिकन उमेदवार होते रॉबिन फिकर, ज्यांच्या प्रस्तावामुळे कार्यकाळाची मर्यादा आली होती. नोव्हेंबरमध्ये एलरिच यांना सुमारे ६४ टक्के मते पडली आणि डिसेंबरच्या पहिल्या सोमवारी त्यांनी सातवे एक्झिक्युटिव्ह म्हणून सूत्रे घेतली.

२०२२ मध्ये जागा खुली नव्हती, तरी प्रायमरीत एलरिच आणि ब्लेअर पुन्हा समोरासमोर आले. टपाली मतदान खूप वाढलेले असूनही ती मते मतदानाच्या दिवसानंतरच उघडण्याचा नियम कायम होता, त्यामुळे निकालाला अनेक आठवडे लागले. फेरमोजणीअंती एलरिच ३२ मतांनी जिंकले. पुढे नोव्हेंबर २०२४ मध्ये मतदारांनी सनदेत आणखी एक दुरुस्ती करून एक्झिक्युटिव्हची मर्यादा तीनवरून दोन कार्यकाळांवर आणली. त्यामुळे २०२६ च्या निवडणुकीसाठी ही जागा पुन्हा खुली झाली.