घोड्यांच्या जंतांमधील औषधरोधकता (गोवा)

जंताचे औषध पुरत्या मात्रेत देऊनही आतड्यातले काही जंत जगतात आणि तो गुण त्यांच्या पुढच्या पिढ्यांत उतरतो, याला औषधरोधकता म्हणतात. ‘घोड्याला औषध लागेनासे झाले’ असे तबेल्यात म्हणतात. बदललेला असतो तो जंत.

मोठ्या घोड्यांत मुख्य प्रश्न सायथोस्टोम म्हणजे लहान स्ट्राँगाइल जंतांचा आहे. त्यांच्या सुमारे ५० जाती आहेत. फेनबेंडाझोलच्या गटातील जंतनाशकांना ते जगभर दाद देत नाहीत. हे औषध जंताच्या ट्युब्युलिन प्रथिनाला चिकटते. त्यातील १६७ किंवा २०० क्रमांकाचे अमिनो आम्ल बदलले की पकड सुटते. आयव्हरमेक्टिन हे दुसऱ्या गटातले जंतनाशक बहुतेक ठिकाणी चालते, पण औषधानंतर लिदीत सहा ते आठ आठवडे न दिसणारी अंडी काही देशांत चार-पाच आठवड्यांतच पुन्हा दिसू लागली आहेत. शिंगरांच्या गोल जंतांत, पॅरास्कॅरिसमध्ये, चित्र उलटे: तिथे आयव्हरमेक्टिनच आधी निकामी ठरू लागले.

गोव्यात वेळेला फार महत्त्व आहे. एप्रिल-मेच्या उन्हात जांभ्याचा उघडा सडा तापतो आणि चराऊ जागेवरच्या अळ्या सुकून मरतात. जूनपासूनच्या उबदार ओलीत मात्र लिदीतल्या अंड्यापासून आठवडाभरात गवतावर चढणारी अळी तयार होते. म्हणूनच ‘पावसाआधी सगळ्यांना एकदम औषध’ ही पद्धत सर्वांत घातक. त्या वेळी औषधाचा संपर्कच न आलेले जंत बाहेर चराऊ जागेवर जवळजवळ नसतात. पहिल्या हिरव्या गवतावर अंडी पडतात ती औषधातून वाचलेल्यांचीच.

त्याऐवजी पावसाळ्यात प्रत्येक घोड्याच्या लिदीतली अंडी मोजावीत. कळपातली ८० टक्के अंडी साधारण २० ते ३० टक्के घोडे टाकतात, आणि औषध मोठ्या घोड्यांत त्यांनाच द्यावे; ग्रॅमला २०० ते ५०० अंडी ही नेहमीची सीमा. ४ ग्रॅम ताजी लीद ५६ मिलिलिटर संपृक्त मिठाच्या पाण्यात कालवून गाळावी, मॅकमास्टर काचेचे (सूक्ष्मदर्शकाखाली अंडी मोजण्याची, चौकटी आखलेली दोन कप्प्यांची काच) दोन्ही कप्पे भरून पाच मिनिटे थांबावे, दोन्ही चौकटींतल्या अंड्यांची बेरीज ५० ने गुणावी. नमुन्याच्या पिशवीतली हवा दाबून काढून ती लगेच फ्रिजमध्ये ठेवावी, बर्फात गोठवू नये. स्कूटरच्या डिकीत दुपारभर राहिलेल्या नमुन्यात अंडी फुटून अळ्या होतात आणि आकडा खोटाच कमी येतो.

औषध दिल्यावर १४ दिवसांनी पुन्हा मोजावे. फेनबेंडाझोलनंतर ग्रॅममागे अंड्यांची सरासरी ८०० वरून १५० वर आली, तर घट ८१ टक्के. घट ९० टक्क्यांच्या खाली असेल तर रोधकता धरावी. एकट्या घोड्याच्या आकड्यावर निष्कर्ष काढू नये, निदान पाच-सहा घोडे हवेत.

कमी मात्रा हे रोधकतेचे दुसरे मोठे कारण. वजन नजरेने न ठरवता छातीचा घेर सेंटिमीटरमध्ये घेऊन त्याचा वर्ग करावा, खांद्याच्या टोकापासून पुठ्ठ्याच्या टोकापर्यंतच्या लांबीने गुणावा आणि ११,९०० ने भागावे. घेर १५०, लांबी १३५ असेल तर वजन २५५ किलो. आयव्हरमेक्टिन किलोला ०.२ मिलिग्रॅम, म्हणजे ५१ मिलिग्रॅम. गुरांचे इंजेक्शन घोड्याला टोचू नये; टोचल्या जागी जंतुसंसर्ग होऊन जीवावर बेतते.

औषधाचा ताण सर्वांत कमी होतो तो लीद उचलल्याने. पावसात आठवड्यातून दोनदा उचलावी, ताजी लीद चराऊ जागेवर पसरू नये, खड्ड्यात कुजू द्यावी. बाहेरून आणलेला घोडा औषध देऊन वेगळा बांधावा आणि १४ दिवसांनंतरची मोजणी स्वच्छ आल्यावरच कळपात सोडावा; रोधक जंत बहुधा याच वाटेने येतात.