पॉन्टिंगच्या बॅटीत स्प्रिंग नव्हती, बाप्पा!

आमच्या गावच्या पानठेल्यावर अजूनही कुणीतरी शपथेवर सांगतं: २००३ च्या वर्ल्डकप फायनलमध्ये ऑस्ट्रेलियाचा कॅप्टन पॉन्टिंगच्या बॅटीत स्प्रिंग सापडली, मॅच पुन्हा होणार होती. आम्ही पोरं तर तारखेची वाट पाहत बसलो होतो! तसं काहीच झालं नव्हतं. २३ मार्चला जोहान्सबर्गला त्याने १२१ चेंडूंत नाबाद १४० कुटल्या, आपण १२५ धावांनी हरलो. निकाल तोच आहे.

वाद झाला तो नंतर, त्याच्याच पण वेगळ्या बॅटीचा. तिच्या पाठीवर ग्रॅफाइटची पट्टी होती. क्रिकेटचे नियम ठरवणाऱ्या एमसीसीच्या आक्षेपानंतर २००६ मध्ये बॅट बनवणाऱ्या कूकाबुरा कंपनीने ती मागे घेतली. पट्टी बाहेरून चिकटवलेली, आत स्प्रिंग कुठली? अन् फायनलच्या दिवशी आपल्या झहीर खानच्या पहिल्याच ओव्हरला १५ धावा गेल्या, तेव्हा पॉन्टिंग पॅव्हेलियनमध्येच बसला होता.