वाफ काही लहान होत नाही

लातूरला रेल्वे आली १९११ साली, आणि ती आली अडीच फुटी रुळांवरून. एव्हरार्ड कॅलथ्रॉप या इंग्रज अभियंत्याने १८९७ मध्ये कुर्डुवाडीहून बार्शीपर्यंत एवढीशी लाइन टाकली होती. तीच बार्शी लाइट रेल्वे पुढे निजामाच्या मुलखात शिरून लातूरला पोचली. कॅलथ्रॉपचा एक हट्ट होता: कुठलाही आस, म्हणजे चाकांच्या जोडीचा दांडा, रुळावर ५ टनांपेक्षा जास्त भार टाकणार नाही. म्हणून लीड्सच्या किटसन कंपनीकडून त्याने जी इंजिनं बनवून घेतली, त्यांना ओढणाऱ्या चाकांच्या चार जोड्या होत्या आणि मागे नुसत्या आधाराच्या दोन. एकूण सहा आस, म्हणजे जास्तीत जास्त ३० टन.

हे इंजिन घरच्या बागेत चालवायचं ठरवलं तर? खोटा धूर सोडणारं, पोटात मोटर असलेलं खेळणं नव्हे. खरं पाणी, खरी आग, खरी वाफ. जगभर अशी इंजिनं बनवणारी आणि जमवणारी हौशी मंडळी आहेत आणि त्यांचे सर्वांत रुळलेले रूळ आहेत ४५ मिलिमीटर अंतराचे. अडीच फूट म्हणजे ७६२ मिलिमीटर. भागाकार जवळजवळ १७ येतो. तेव्हा प्रत्येक लांबी सतरांश करायची. पत्र्याचं क्षेत्रफळ १७ गुणिले १७, म्हणजे २८९ पट घटेल. आकारमान आणि वजन ४,९१३ पट घटेल आणि ३० टनांचं इंजिन सहा किलोंच्या आसपास येईल. दोन हातांनी उचलून कट्ट्यावर ठेवता येईल असं.

पूर्णा, परभणी, नांदेडकडच्या लोकांच्या आठवणीतली गाडी वेगळी. हैदराबाद ते मनमाड ही निजामाच्या काळातली लाइन १९०० मध्ये पुरी झाली ती मीटर गेजवर. हजार भागिले ४५ केलं की सव्वाबावीस येतात. १९६८ मध्ये जर्मनीतल्या एलजीबी या खेळण्यातल्या रेल्वेच्या ब्रँडने बागेतल्या गाड्या काढल्या तेव्हा त्यांनीही आल्प्समधल्या मीटर गेज गाड्यांवरून जवळपास तेच, साडेबावीसचं प्रमाण धरलं. त्यामुळे एकाच ४५ मिलिमीटरच्या रुळावर पूर्णेचं इंजिनही चालतं आणि बार्शीचंही, फक्त शेजारी उभी केली की बार्शीचं थोराड दिसतं. काटेकोर माणसांना हे खपत नाही. मला त्याचं काही वाटत नाही.

खरी अडचण पुढे आहे. लांबी सतरांश होते, पण पाणी उकळायचं तापमान सतरांश होत नाही. एक ग्रॅम पाण्याची वाफ करायला लागणारी उष्णता तेवढीच राहते. तेलाचा चिकटपणा, ज्योतीची उंची, वाऱ्यावर उडणारा धुळीचा कण, सगळं मूळ आकाराचंच. त्यामुळे छोटं इंजिन म्हणजे मोठ्याची बारीक नक्कल असूच शकत नाही. बाहेरून ते किटसनचं दिसतं, आतून ते वेगळंच यंत्र असतं.

उष्णतेचंच घ्या. वस्तू लहान झाली की तिच्या पोटातला ऐवज क्यूबने घटतो, पण उष्णता गमावणारी कातडी वर्गानेच घटते. म्हणजे आपल्या इंजिनाला दर ग्रॅम पाण्यामागे १७ पट जास्त कातडी आहे. १४ मिलिमीटर व्यासाच्या थंड सिलिंडरमध्ये वाफ शिरली की भिंतीला लागून लगेच पाणी होते, आणि पहिल्या दोन-चार फेऱ्यांत धुराड्यातून तेल मिसळलेलं गरम पाणी पिचकारीसारखं उडतं. चष्मा असेल तर तो लावून बसावं. व्हिक्टोरियाच्या काळात इंग्लंडमध्ये पितळी वाफेची इंजिनं मुलांना खेळायला देत, ती गालिच्यावर पाण्याची रेघ सोडत जात. त्यांना ‘बर्मिंगहॅम ड्रिबलर’, म्हणजे बर्मिंगहॅमची लाळगळी, असंच नाव पडलं होतं.

आता जमाखर्च मांडू. बॉयलरमध्ये फुलपात्रभर पाणी घातलं आणि त्यातल्या १५० मिलिलिटरची बाहेरच्या हवेपेक्षा ३ बार जास्त दाबाची वाफ केली (एक बार म्हणजे साधारण हवेच्या दाबाएवढा) असं धरा. या दाबाला पाणी १०० नव्हे, १४४ अंशांच्या आसपास उकळतं. ३० अंशांचं पाणी तिथपर्यंत तापवून त्याची वाफ करायला सुमारे ३९० किलोज्यूल लागतात. इंजिनाच्या टाकीत जळणासाठी २० ग्रॅम ब्यूटेन गॅस असेल तर जळून त्यातून ९०० किलोज्यूलच्या वर मिळतात. म्हणजे निम्म्याहून अधिक उष्णता धुराड्यातून आणि पत्र्यातून थेट बागेत जाते. हे इंजिन २५ मिनिटं चालत दोन न्यूटनच्या ओढीने, सेकंदाला अर्धा मीटर वेगाने डबे खेचत असेल तर त्याची कामाची ताकद भरते एक वॅट. आत ओतलेली जवळपास ६०० वॅट. हजारात दोन भागही पदरात पडत नाहीत. कुठल्याही अभियंत्याला लाज वाटावी असा हा आकडा आहे, आणि त्याच्यापायी लोक आयुष्यभराची हौस करतात.

धातूच्या बाबतीत मात्र निसर्ग आपल्या बाजूने आहे. नळकांड्याच्या भिंतीवरचा ताण दाब गुणिले व्यास भागिले जाडीच्या दुपटीवर ठरतो. व्यास आणि जाडी एकाच प्रमाणात घटवली तर ताण तोच राहतो. ६० मिलिमीटर व्यासाच्या, २ मिलिमीटर जाडीच्या तांब्याच्या नळीत ३ बार दाब असेल तर ताण येतो साडेचार मेगापास्कल. मऊ केलेलं तांबं फाटायला २००च्या आसपास लागतात. तेव्हा बॉयलर फुटला तर तो बहुधा नळीतून नव्हे, जोडातून.

म्हणून जोडावर सगळं लक्ष. रेडिओ दुरुस्तीचं कथिल-शिशाचं सोल्डर १८३ अंशांना वितळू लागतं. पाणी संपून तांबं कोरडं पडलं की ते तापमान गाठायला फार वेळ लागत नाही. जुन्या खेळण्यांतली कित्येक इंजिनं अशीच, पोरांनी कोरडी चालवल्यामुळे, तळातून सुटलेली सापडतात. बागेतल्या इंजिनांना चांदी मिसळलेल्या मिश्रधातूचं ब्रेझिंग, म्हणजे जास्त तापमानाचं सोल्डरिंग, लागतं. ते ६०० ते ७०० अंशांत वितळतं आणि टाकणखाराच्या जातीच्या फ्लक्सशिवाय तांब्याला चिकटत नाही. फ्रीज-एसी दुरुस्त करणारे मिस्त्री तांब्याच्या नळ्यांना रोज ब्रेझिंग करतात, त्यामुळे मराठवाड्यातल्या कुठल्याही तालुक्याच्या गावात हा हात सापडतो. फरक एवढाच की बॉयलर सगळा एकदम लाल व्हावा लागतो. एक टोक तापवून दुसरं थंड ठेवलं की जोड वरून भरलेला दिसतो, आतून पोकळ असतो. लेथच्या कामाचं म्हणाल तर वाळूज-चिकलठाण्याच्या औद्योगिक वसाहतीत याहून अवघड कामं होतात, पण १४ मिलिमीटरच्या दोनच सिलिंडरसाठी मशीन लावायला कुणी सहजी तयार होत नाही. चहा पाजावा लागतो.

तयार बॉयलरची चाचणी पाणी भरून, हातपंपाने दाब चढवून करतात. हवा कधीही नाही. पाणी जवळजवळ दबत नाही, त्यामुळे जोड सुटला तर दोन थेंब गळून दाब शून्यावर येतो. दाबलेली हवा मात्र स्प्रिंगसारखी उसळते. नव्या बॉयलरला कामाच्या दाबाच्या दुप्पट आणि वापरातल्या बॉयलरला दीडपट, अशी हौशी मंडळींत रूढ पद्धत आहे. आपल्याकडच्या बॉयलर कायद्याच्या व्याख्येत २५ लिटरपेक्षा कमी क्षमतेचं भांडं बसत नाही. म्हणजे सरकारी निरीक्षक येणार नाही, चाचणीची जबाबदारी मालकाचीच.

आता आपल्या मुलखाच्या तक्रारी. पहिली पाण्याची. २०१६ च्या उन्हाळ्यात मिरजेहून रेल्वेने पाणी मागवावं लागलेल्या लातुरात पाण्याचं इंजिन चालवणं थोडं विचित्र वाटेल, पण लागतं ते फुलपात्रभर. प्रश्न जातीचा आहे. बोअरचं पाणी जड, त्यात कॅल्शियम आणि मॅग्नेशियमचे बायकार्बोनेट. उकळलं की त्यांचं कार्बोनेट होऊन पांढरा थर बसतो, गीझरच्या कॉइलवर बसतो तोच. तांबं या थरापेक्षा शेकडो पट चांगली उष्णता वाहतं, त्यामुळे अर्ध्या मिलिमीटरच्या थरानेही वाफ मंदावते आणि शिट्टी घशात अडकल्यासारखी वाजते. इन्व्हर्टरच्या बॅटरीत घालायचं डिस्टिल्ड वॉटर दुकानात मिळतं. मात्र अगदी शुद्ध पाणी पितळेतलं जस्त खेचून घेतं असा अनुभव असल्याने बरेच जण त्यात चमचाभर साधं पाणी घालतात. पावसाचं स्वच्छ गाळलेलं पाणी सर्वांत उत्तम. थर बसलाच तर पाण्यात लिंबूसत्त्व विरघळवून बॉयलर रात्रभर भरून ठेवावा आणि नंतर चांगला खळखळून धुवावा.

दुसरी तक्रार उन्हाची. ब्यूटेन टाकीत द्रवरूप असतो आणि त्याचा दाब हवेच्या तापमानावर ठरतो. २० अंशांना बाहेरच्या हवेपेक्षा सुमारे १.१ बार जास्त, तर ४० अंशांना पावणेतीनच्या घरात. इंग्लंडात थंडीत गॅसची टाकी कोमट पाण्यात बसवतात, कारण तिथे गॅस उडतच नाही. आपल्याकडे एप्रिलमध्ये झडप केसभर उघडली तरी ज्योत बर्नर सोडून धुराड्याच्या तोंडाशी नाचू लागते. टाकीचा किमान पाचवा हिस्सा मोकळा ठेवायचा, कारण तापलेला द्रव फुगतो आणि त्याला जागा लागते. घरच्या स्वयंपाकाच्या सिलिंडरमधला गॅस या टाकीत कधीही भरू नये. त्यात प्रोपेन मिसळलेला असतो, आणि नुसत्या प्रोपेनचा दाब ४० अंशांना १२ बारच्या वर जातो.

पेटवणं बघण्यासारखं असतं. झडप किंचित उघडायची, बारीक फुस्स ऐकू येते, मग काडी धुराड्याच्या तोंडाशी धरायची. गॅस बॉयलरमधल्या आडव्या नळीतून धुराड्यापर्यंत आलेला असतो. ज्योत तिथे धरते आणि ‘फट्’ करून नळीतून उलटी धावत मागच्या बर्नरवर जाऊन बसते. मग घोगरा, एकसुरी आवाज सुरू होतो. पाच-सात मिनिटांत दाबमापकाचा काटा हलतो. गॅसची टाकी मुद्दाम एवढीच केलेली असते की पाण्याआधी गॅस संपावा. हाच या इंजिनाचा सर्वांत शहाणा सुरक्षा-उपाय, आणि त्यात एकही हलता भाग नाही.

वंगणाची युक्ती तर मला बॉयलरपेक्षाही आवडते. वाफेच्या वाटेवर एक बंद छोटी डबी असते, तिच्यात घट्ट, ४६० ग्रेडचं स्टीम ऑइल. नळीतल्या सुईएवढ्या भोकातून थोडी वाफ डबीत शिरते, थंड होते, तिचं पाणी होतं. पाणी तेलापेक्षा जड, ते तळाला जातं. जेवढं पाणी तळाला बसलं तेवढंच तेल वर उचललं जाऊन त्याच भोकातून वाफेत मिसळतं आणि सिलिंडरमध्ये पोचतं. ना पंप, ना वात. फेरी संपल्यावर डबीत सिरिंज घालून ओढलं की आधी पाणी येतं आणि मागून दुधाळ झालेलं उरलंसुरलं तेल. पाणीच आलं नाही तर समजावं की भोक बुजलंय आणि पिस्टन कोरडा चाललाय. शिलाई मशीनचं पातळ तेल इथे घालणाऱ्यांना लवकरच नवे पिस्टन लागतात.

रुळांचं म्हणाल तर वाफेच्या इंजिनाला त्यांच्यातून वीज लागत नाही, त्यामुळे धुळीचं भय कमी. विजेच्या गाडीचे रूळ आपल्याकडे रोज पुसावे लागतील. पण काळी माती मात्र कुणालाच सोडत नाही. तिच्यातली चिकणमाती पावसात फुगते, उन्हाळ्यात आकसते, हातभर भेगा पडतात आणि त्यावर थेट टाकलेला रूळ एका वर्षात सापासारखा वळतो. वीतभर माती उकरून मुरूम भरावा, त्यावर दगडाची कच, किंवा सरळ गुडघाभर उंचीच्या खांबांवर शहाबादी फरशी टाकावी. माझं मत फरशीच्या बाजूचं, वाकावं लागत नाही. चढ शंभराला दोनपेक्षा जास्त नको. पितळी रूळ रणरणत्या उन्हात वाढतात तेही ध्यानात ठेवावं: थंडीतल्या पहाटेच्या १० अंशांपासून मे महिन्यात तापलेल्या रुळाच्या ६० अंशांपर्यंत दहा मीटरला साडेनऊ मिलिमीटर. रूळ एकाच जागी पक्का ठोकायचा, बाकी सगळीकडे सरकायला मोकळा.

धुराड्यातून निघणारा तो पांढरा झुबका म्हणजे खरं तर वाफ नव्हे. वाफ अदृश्य असते, दिसतात ते तिचे थंड होऊन झालेले थेंब. बाहेरची हवा कोरडी आणि ४२ अंश असेल तर थेंब बनायच्या आत विरून जातात आणि इंजिन नुसतंच भकभकत जाताना दिसतं. फोटो काढायचे तर परभणीसारख्या ठिकाणी डिसेंबर-जानेवारीत, पारा दहाच्या खाली असताना, सूर्य उगवता उगवता काढावेत.

स्वतः बनवायची तयारी नसेल तर विकत घेता येतं. इंग्लंडातल्या डॉनकास्टरची राउंडहाउस कंपनी १९८२ पासून छोट्या लाइनची इंजिनं बनवते. जपानच्या ॲस्टर कंपनीने १९७५ पासून मोठ्या लाइनची इतकी बारीक कामगिरी केली की तिची इंजिनं आज दागिन्यांसारखी जपली जातात. त्याही आधी नॉर्थॅम्प्टनची बॅसेट-लोक ही कंपनी न्यूरेंबर्गच्या बिंग कंपनीकडून इंजिनं करवून घेऊन विकत असे. जमवणाऱ्यांत दोन तट आहेत. एक म्हणतो, मूळ रंग आणि खोका शाबूत हवा, इंजिन पेटवायचंच नाही. मी दुसऱ्या तटातला. पण जुनं इंजिन हाती आल्यावर लगेच पेटवणारा मात्र वेडा. आधी तळाशी करड्या, मऊ सोल्डरचे डाग आहेत का ते बघायचं, असतील तर कुणीतरी कधीतरी कोरडं चालवून थातूरमातूर डागडुजी केली आहे. मग रबरी कड्या बदलायच्या, वर्षानुवर्षं पडून त्या खडीसाखरेसारख्या कडक होतात. सेफ्टी व्हॉल्व्ह सोडवून त्याच्या आतली गोळी चिकटलेली नाही ना ते तपासायचं. त्यानंतर व्हॉल्व्हच्या जागी बूच लावून, पाण्याने गच्च भरून, पंपाने दीडपट दाब चढवायचा आणि दहा मिनिटं काट्याकडे बघत बसायचं. काटा जागचा हलला नाही, तर व्हॉल्व्ह परत बसवून टाकीत गॅस भरायचा.